३० इंची तार, साडेपाच इंची पेटी: तुमच्या डल्सिमरची मापं चुकलेली नाहीत

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. व्हर्जिनियातल्या रोआनोकजवळ एका घरगुती लिलावात तुम्ही माउंटन डल्सिमर, म्हणजे मांडीवर आडवं ठेवून छेडायचं पडद्यांचं तंतुवाद्य, विकत घेतला. एकूण लांबी ४० इंच, डोक्याकडच्या पट्टीपासून घोडीपर्यंत तार बरोबर ३० इंच, पेटी सगळ्यात रुंद जागी साडेपाच इंच आणि खोली जेमतेम दीड. तीन तारा, लाकडी खुंट्या, आणि पडदे फक्त तुमच्या अंगाकडच्या तारेखाली. वाद्यांच्या दुकानातल्या माणसाने मोजमाप करून सांगितलं की डल्सिमरची तार २६-२७ इंचांची असते, ही फार लांब आहे, पेटी फार अरुंद आहे, आणि पडदे तर सरळसरळ चुकीच्या जागी ठोकलेत. डी-ए-डी (तीन तारा डी, ए आणि वरचा डी या सुरांत) लावताना वरची तार तुटली, तेव्हा त्याचं म्हणणं त्याला आणखी पटलं. आता तो फ्रेटबोर्ड (पडदे बसवलेली लांब पट्टी) कापून २७ इंचांचा करायचा आणि सगळे पडदे नव्याने बसवायचा खर्च सांगतोय. तुम्हाला हे वाद्य मांडीवर घेऊन अभंग म्हणायचे आहेत, कीर्तनाचाही उल्लेख तुम्ही केलाय. तुमचा सूर काळी एक, पत्नीचा पांढरी पाच. दोघांनाही ते वापरता यावं अशी इच्छा आहे.

मी पश्चिम नॉर्थ कॅरोलिनात डल्सिमर बनवतो, पण माझ्या कामाचा मोठा भाग जुन्यांच्या दुरुस्तीचा असतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: काहीही कापू नका आणि एकही पडदा हलवू देऊ नका. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवरून तरी हे वाद्य अतिशय विचार करून बनवलेलं दिसतंय, आणि तुम्हाला जे करायचंय त्याला ते दुकानातल्या नव्या डल्सिमरपेक्षा जास्त जवळचं आहे. कारणं सविस्तर सांगतो, कारण दुकानदाराला उत्तर तुम्हालाच द्यायचंय.

पहिली गोष्ट, या वाद्याला प्रमाणित माप कधी नव्हतंच. जर्मन भाषक प्रदेशात शाइटहोल्ट नावाचं लांबट, अरुंद, पडद्यांचं वाद्य होतं. प्रेटोरियसने १६१९ मध्ये त्याचं वर्णन केलेलं आहे. जर्मन स्थलांतरितांबरोबर ते पेनसिल्व्हेनियात आलं आणि तिथून शेनांडोआ खोऱ्यातून दक्षिणेकडे डोंगरात उतरलं. डोंगरातल्या लोकांनी त्याच्या अरुंद अंगाखाली रुंद पेटी दिली, पडदे उंच पट्टीवर नेले आणि आजचा डल्सिमर झाला. पण प्रत्येक खोऱ्यात वेगळा. केंटकीच्या नॉट काउंटीत जे. एडवर्ड थॉमस (१८५०-१९३३) कमरेत बारीक, सडपातळ, घड्याळी आकाराचे डल्सिमर बनवत असे आणि विकत असे. तुमच्याच राज्यात गॅलॅक्सच्या बाजूला थेंबाच्या आकाराचे मोठे डल्सिमर बनत. त्यांच्या चारही तारा सारख्या जाडीच्या आणि एकाच सुरात, आणि पुष्कळांना खाली दुसरी फळी, म्हणजे दुहेरी तळ. टेनेसीच्या दक्षिण भागात तर सरळ चौकोनी खोकंच असे, त्याला तिथे म्युझिक बॉक्स म्हणतात. यातलं कुठलं बरोबर आणि कुठलं विचित्र?

२७ इंचांची सवय आपल्याला लागली ती नंतर. केंटकीच्या व्हायपर गावच्या जीन रिची (१९२२-२०१५) न्यू यॉर्कला गेल्या, गाऊ-वाजवू लागल्या आणि शहरातल्या लोकांना डल्सिमर माहीत झाला. मागणी वाढली, कार्यशाळा निघाल्या, घरी जोडायचे संच मिळू लागले. शिवाय वादनाची पद्धत बदलली. बोटांनी तीनही तारा दाबून कॉर्ड (एकदम वाजणारे अनेक स्वर) वाजवायचे असतील तर आखूड तार सोयीची पडते. त्या पद्धतीसाठी २५ ते २८ इंच हे योग्य माप आहेच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तुमचं वाद्य त्या पद्धतीचं नाही हे त्याचे अर्धे पडदे ओरडून सांगताहेत. पडदे एकाच तारेखाली आहेत याचा अर्थ सुरावट फक्त त्या तारेवर. बाकी दोन तारा मोकळ्या वाजत राहणार. डाव्या हातात लाकडाची नाहीतर बांबूची काडी (तिला इथे नोटर म्हणतात) धरून तारेवर सरकवायची आणि उजव्या हातात पिसाचा देठ. या पद्धतीत बोटं फाकवावी लागत नाहीत, त्यामुळे ३० इंचांचा काहीच त्रास नाही.

त्रास कुणाला होईल तेही सांगतो. डी-ए-डी लावलेल्या डल्सिमरवर एक नेहमीचा कॉर्ड असतो, त्यात जाड तार तिसऱ्या पडद्यावर आणि मधली पहिल्या पडद्यावर दाबतात. ३० इंची तारेवर या दोन पडद्यांमधलं अंतर सव्वाचार इंच होतं, २५ इंचीवर साडेतीन. लहान हाताच्या माणसाला हा पाऊण इंच फार जाणवतो. पुढेमागे तुम्हाला कॉर्डचं वादन शिकावंसं वाटलं तर त्यासाठी वेगळा, आखूड डल्सिमर घ्या. चांगल्या हाताने बनवलेला साधा नवा डल्सिमर, कापाकापी आणि नव्या पडद्यांच्या मजुरीनंतर हातात जे पडेल त्यापेक्षा केव्हाही बरा वाजेल.

आता पडद्यांकडे येऊ, कारण खरा मुद्दा तिथेच आहे. तुम्ही मोजून दिलेली अंतरं, डोक्याकडच्या पट्टीपासून: पहिला पडदा ३ इंच आणि एक तृतीयांश, दुसरा ६, तिसरा साडेसात, चौथा १०, पाचवा १२, सहावा १३ आणि एक अष्टमांश, सातवा १५. दुकानदाराने संगणकावर ३० इंच घालून जे आकडे काढले त्यात दुसरा ६.१९ आणि पाचवा १२.१६ येतो. म्हणजे दुसरा पडदा जवळपास ५ मिलिमीटर आणि पाचवा ४ मिलिमीटर ‘चुकला’. एवढी चूक कुणी हाताने काम करणारा सुतार करत नाही, आणि केलीच तर ती इतक्या सुबक आकड्यांवर येऊन थांबत नाही.

तीसचे भाग पाडून बघा. निम्म्यावर, १५ इंचांवर, तार सप्तक. एक तृतीयांशावर, १० इंचांवर, पंचम. एक चतुर्थांशावर, साडेसातवर, मध्यम. एक पंचमांशावर, ६ इंचांवर, शुद्ध गंधार. दोन पंचमांशांवर, १२ इंचांवर, धैवत. एक नवमांशावर रिषभ. बनवणाऱ्याने तारेची लांबी अपूर्णांकांत वाटली आहे. माझा तर असा कयास आहे की त्याने ३० हे मापच यासाठी निवडलं: दोन, तीन, चार, पाच या सगळ्यांनी त्याला सहज भाग जातो आणि साध्या फूटपट्टीवर खुणा करता येतात. किंवा त्याने कानानेच पडदे बसवले असतील आणि कान त्याच जागी घेऊन गेला असेल. दोन्ही रस्ते तिथेच पोचतात.

संगणकाचे आकडे समान स्वरांतराचे आहेत, म्हणजे पियानो, गिटार किंवा आपल्या साध्या हार्मोनियमचे. त्यात सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात. अशा प्रत्येक तुकड्याचे १०० सेंट धरतात. त्या हिशोबाने शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटांवर येतो. तारेच्या पाचव्या भागावरचा गंधार ३८६ सेंटांवर. १४ सेंटांचा फरक म्हणजे अर्ध्या स्वरातला सातवा हिस्सा. एकटा ऐकला तर कदाचित कुणाच्या लक्षात येणार नाही. पण खाली षड्ज सतत वाजत असताना तो फरक लपत नाही. चांगल्या लागलेल्या तंबोऱ्यातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो षड्जाच्या तारेचाच पाचवा आवर्तन-स्वर, म्हणजे पाचपट कंपनांचा उपस्वर असतो. डल्सिमरच्या जाड तारेतूनही तो येतो, फक्त जवारी नसल्यामुळे दबलेला. १२ इंचांवरचा तुमचा पडदा त्या गंधाराशी मिसळून जातो. १२.१६ वर नेलेला पडदा त्याच्याशी घासत राहील. तो कसा, हे पुढे सूर लावताना स्पष्ट होईल.

म्हणून दुकानदाराचं मोजमाप अचूक आहे. त्याने मोजायला घेतलेला दंडक दुसऱ्या संगीताचा आहे. त्याला दोष देऊ नका. त्याच्याकडे येणारी बहुतेक माणसं गिटारबरोबर वाजवणारी असतात आणि त्यांना समान स्वरांतरच लागतं.

यात एक खरी अडचण आहे, ती झाकून ठेवत नाही. तुम्ही शेजारी हार्मोनियम घेऊन बसलात तर हार्मोनियमचा गंधार आणि डल्सिमरचा गंधार जुळणार नाहीत, आणि निषादाचंही तसंच होईल. हार्मोनियम फक्त षड्ज-पंचमावर ठेवली तर चालून जातं. हार्मोनियमवर पूर्ण सुरावट वाजवायची असेल तर डल्सिमरचा काडीवाला हात थांबवा आणि फक्त मोकळ्या तारा छेडा. दोन्ही एकदम पूर्ण वाजवायचं ठरवलं तर माझ्याकडे त्याला उपाय नाही.

पडदे हलवण्याआधी, किंवा हलवू नका हे माझं म्हणणं मान्य करण्याआधी, एक तपासणी मात्र नक्की करा. डोक्याकडच्या पट्टीपासून सातव्या पडद्यापर्यंतचं अंतर आणि सातव्या पडद्यापासून घोडीपर्यंतचं अंतर मोजा. जुन्या डल्सिमरांत घोडी पुष्कळदा चिकटवलेली नसते, नुसती तारांच्या दाबाखाली उभी असते. लिलावाच्या गडबडीत ती सरकली असेल तर सगळेच सूर बिघडतील आणि दोष पडद्यांवर जाईल. सातव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवून छेडा, घंटेसारखा स्वर निघेल. मग तिथेच काडीने तार दाबून छेडा. दोन्ही स्वर एक असायला हवेत. दाबलेला चढा लागला तर घोडी केसभर मागे, उतरा लागला तर पुढे. तार दाबताना थोडी ताणली जाते, म्हणून घोडी १५ इंचांपेक्षा एक-दोन मिलिमीटर मागे जाऊन स्थिरावली तर ते योग्यच आहे. घोडी अशी बसल्यावर मगच बाकीच्या पडद्यांबद्दल मत बनवा.

आता तार का तुटली. तार तुटायची मर्यादा तिच्या जाडीवर ठरत नाही हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. जाड तारेला जास्त ताण लागतो, पण ती तेवढीच जास्त सोसते. साध्या पोलादी तारेसाठी लांबी आणि कंपनसंख्या यांचा गुणाकार बघायचा. गिटारची सगळ्यात बारीक तार साधारण साडेपंचवीस इंच आणि ३३० हर्ट्झ, गुणाकार ८,४०० च्या आसपास. रोज लाखो गिटारी या ताणावर सुखाने वाजतात. २७ इंची डल्सिमरवर वरचा डी, म्हणजे २९४ हर्ट्झ लावला तर ७,९००. तुमच्या ३० इंचीवर तोच डी ८,८०० वर जातो. नवी कोरी तार हे सहन करते, पण गंजलेली किंवा खुंटीच्या भोकाशी वाकडी झालेली तार करत नाही. तुमची तार वाद्यावर आधीपासून असलेली जुनी असावी असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. शिवाय त्याच जाडीची तार त्याच सुरात २७ ऐवजी ३० इंचांवर लावली की ताण सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो. १२ थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) तार ३० इंचांवर डी ला जवळपास साडेअकरा किलोचा ताण देते, १० थाऊची आठ किलोचा. जुन्या लाकडी खुंट्यांना आणि पातळ फळीला आठ किलो पुरे.

पण मुळात तुम्हाला डी हवाय कशाला? डोंगरात हे वाद्य गाणाऱ्याच्या गळ्याला लावत असत. डी-ए-डी हा आकडा वर्गांना आणि पुस्तकांना सोयीचा म्हणून रुळला. तुमचा गळा काळी एकचा आहे आणि लांब तारेला खालचे सूर आवडतात, म्हणजे तुमची आणि वाद्याची मागणी एकच आहे.

तुमच्यासाठी मी असं लावीन. जाड तार काळी एकचा खर्ज षड्ज. मधली तार त्याच्या वरचा पंचम, म्हणजे काळी चार. आणि पडद्यांची तारही तोच पंचम, मधल्या तारेच्या सुरात सूर. ही जुनी पद्धत आहे, इथे तिला आयोनियन म्हणतात. यात षड्ज मोकळ्या तारेवर येत नाही, तिसऱ्या पडद्यावर येतो. मोकळी तार मंद्र पंचम, पहिला पडदा धैवत, दुसरा शुद्ध निषाद, तिसरा षड्ज, चौथा रिषभ, पाचवा गंधार, सहावा मध्यम, सातवा पंचम. सगळे शुद्ध, म्हणजे बिलावलाचे स्वर, आणि षड्जाच्या खाली पंचमापर्यंत जायची सोय. अभंगाची चाल षड्जाच्या खाली सतत उतरते, त्यामुळे ही सोय मोठी आहे. आणि आता १२ इंचांवरचा तो पाचवा पडदा बघा: तो तुमचा गंधार झाला. तिसऱ्या पडद्यापासून त्याचं नातं बरोबर पाचास चार. दुकानदाराने नेमका तोच हलवायला काढला होता. पडद्यांच्या तारेला १४ थाऊची साधी पोलादी तार घाला, ताण आठ किलोच्या आसपास राहील.

पत्नीसाठी वाद्य पांढरी पाचवर न्यायचंय. सगळ्या तारा वर चढवायला गेलात तर परत तुटण्याचा खेळ. त्याऐवजी जाड तार अर्धा स्वर चढवा, काळी एकवरून पांढरी दोनवर. आणि मधली व पडद्यांची तार दोन्ही अर्धा स्वर उतरवा, काळी चारवरून पांढरी पाचवर. झालं. आता पांढरी पाच षड्ज धरली तर जाड तार मंद्र पंचम झाली आणि उरलेल्या दोन्ही तारा षड्ज. पंचम, षड्ज, षड्ज: तंबोऱ्याचीच मांडणी, एक तार कमी. पडद्यांच्या तारेवर षड्ज मोकळ्या तारेवर येतो आणि पुढे रे, ग, म, प, ध शुद्ध, निषाद कोमल. हे खमाज थाटाचे स्वर. शुद्ध निषाद मिळणार नाही, कारण सहाव्या आणि सातव्या पडद्यांच्या मधला साडेसहावा पडदा नंतरच्या काळातला, तुमच्या वाद्याला तो नाही. षड्जाखालीही जाता येणार नाही. या दोन मर्यादा सांभाळून ज्या चाली बसतील त्या निवडा. बाकी चालींना त्या गातील आणि तुम्ही नुसत्या मोकळ्या तारा छेडाल. खुंट्या अर्धा-अर्धा स्वर फिरवून दोन गळ्यांची सोय होते, आणि तारा बदलाव्या लागत नाहीत.

एवढ्यावर थांबता येईल, पण तुम्ही कीर्तनाचा उल्लेख केलाय म्हणून भैरवीबद्दल लिहितो. डल्सिमरचे पडदे बारा नसतात, सप्तकाला सातच असतात. त्यामुळे षड्ज कुठल्या पडद्यावर धरला त्यावर थाट ठरतो. मोकळ्या तारेवर खमाज, पहिल्यावर आसावरी, तिसऱ्यावर बिलावल, चौथ्यावर काफी, पाचव्यावर भैरवी. भैरवीसाठी जाड आणि मधली तार तुमच्या पहिल्या लावणीप्रमाणेच ठेवा आणि फक्त पडद्यांची तार पांढरी तीनपर्यंत उतरवा, म्हणजे पाचव्या पडद्यावर काळी एक येईल. तार जरा ढिली लागेल. भैरवी जास्त वाजवणार असाल तर १६ किंवा १७ थाऊची तार चढवा. इथे एक गोष्ट कानाला खटकेल. अपूर्णांकांवर बसवलेले पडदे एका षड्जासाठी चोख असतात, षड्ज हलवला की एखादा स्वर बिनसतो. भैरवीत कोमल रिषभ, कोमल गंधार आणि पंचम सुरेख लागतात, पण आठव्या पडद्यावरचा मध्यम सुमारे २२ सेंट चढा येतो. त्या पडद्यावर काडी मुद्दाम हलकी आणि क्षणभरच ठेवा, मध्यमावर ठेहराव घेऊ नका. संपूर्ण भैरवी गाणाऱ्याला हे पुरणार नाही. शेवटच्या चार ओळींना पुरतं.

कॉर्ड वाजवणाऱ्यांची पडद्यांबद्दलची तक्रारही याच २२ सेंटांची असते. असे पडदे तीनही तारांखाली आडवे असते तर एका तारेवर पाचव्या पडद्यावर मिळणारा स्वर आणि पंचमाच्या तारेवर पहिल्या पडद्यावर मिळणारा तोच स्वर एकमेकांशी जुळले नसते. पडदे एकाच तारेखाली असल्यामुळे तो प्रश्न तुमच्या वाद्यावर उभाच राहत नाही. जुन्या कारागिराने अर्धे पडदे तार वाचवायला ठेवले की आणखी कशाला, ते मी सांगू शकत नाही. पण लांब तार, अर्धे पडदे आणि अपूर्णांकांची अंतरं या तिन्ही गोष्टी एकमेकींना धरून आहेत एवढं नक्की. त्यातली एक सुधारायला गेलात की उरलेल्या दोन निरर्थक होतात.

पेटीच्या मापाबद्दल मला पडद्यांइतकी खात्री देता येत नाही, कारण लाकूड हातात घेऊन वाजवल्याशिवाय बोलणं धाडसाचं. सर्वसाधारण नियम असा की आतली हवा कमी तितका खर्ज कमी. साडेपाच इंच रुंद आणि दीड इंच खोल पेटीतून भरदार घुमारा येणार नाही; आवाज बारीक, स्वच्छ आणि लहान असेल. सभागृहासाठी हे वाईट. घरात गळ्याखाली ठेवायला मला हाच आवाज आवडतो, शब्द झाकले जात नाहीत. रुंदी एवढी कमी का, याचं कारण बहुधा फळी. डोंगरातला माणूस घरात असलेल्या अक्रोडाच्या, चेरीच्या नाहीतर पॉपलरच्या फळीतून काम करायचा, आणि फळी जेवढी रुंद तेवढीच पेटी.

आवाज वाढवायचा असेल तर पेटीला हात न लावता वाढतो. डल्सिमरच्या वरच्या फळीवर फ्रेटबोर्डची जाड पट्टी लांबीभर चिकटलेली असते, त्यामुळे ती फळी गिटारसारखी मोकळी हलत नाही. खालची फळी बरंच काम करते, आणि मांडीवर घेतलं की आपण नेमकी तीच दाबून टाकतो. गॅलॅक्सवाले दुहेरी तळ ठेवत त्यामागे हेच. तुम्ही वाद्य लाकडी टेबलावर ठेवून वाजवून बघा. जुने वादकही असं करत. टेबलाची फळीही बोलायला लागते. मांडीवरच घ्यायचं असेल तर एक हलकी फळी मांडीवर ठेवून तिच्यावर चार कोपऱ्यांना नमद्याचे छोटे ठोकळे चिकटवा आणि डल्सिमर त्यांच्यावर टेकवा. इथे अशा फळीला पॉसम बोर्ड म्हणतात. पाऊण तासाचं काम आहे आणि फरक पहिल्या झंकारात कळतो.

थोडक्यात इथपर्यंतचं: लांबी तुमच्या गळ्याला सोयीची, पडदे षड्जाच्या सोबतीसाठी बसवलेले, पेटी लहान आवाजाची पण निर्दोष. हे सगळं वाद्य धडधाकट आहे असं धरून. ते तपासणं तुमच्या हातात आहे.

खिडकीसमोर धरून फ्रेटबोर्डच्या कडेने डोळा लावून बघा. मधे किंचित खोलगट असेल तर हरकत नाही. पण पट्टी धनुष्यासारखी वर उचलली गेली असेल, किंवा घोडीखाली वरची फळी बसली असेल, तर नव्या तारा चढवायच्या आधी दुरुस्ती. पेटीच्या कडेने बोटांच्या पेरांनी हळू ठोकत जा. जिथे खडखड येते तिथे सांधा सुटलेला असतो. तो गरम पाण्याने सुटणाऱ्या सरसानेच जोडायला सांगा, आधुनिक पक्क्या गोंदाने नको, पुढच्या दुरुस्तीला सांधा उघडता आला पाहिजे. पडद्यांच्या लोखंडी तारा वाकवून ठोकलेल्या असतील, एखादी वर आली असेल तर लाकडाच्या ठोकळ्याने हलके दाबून बसते. खुंट्या सरकत असतील तर त्यांना खडू लावा. आणि थंडीत घरातली हीटिंग सुरू झाली की हवा कोरडी पडते, वाद्याजवळची आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांत ठेवा. इतकी पातळ फळी जानेवारीत तडकायला वेळ लागत नाही.

वाद्य किती जुनं हे फोटोवरून मी सांगणार नाही. अर्धे पडदे आणि लाकडी खुंट्या जुन्या डल्सिमरवर असतात, आणि जुन्या घडणीची हौस असलेल्या नंतरच्या कारागिरांनीही त्या मुद्दाम ठेवल्या आहेत. तुमच्यापासून फार लांब नाही अशा फेरम कॉलेजात ब्लू रिज इन्स्टिट्यूट आहे, व्हर्जिनियाच्या डोंगरी लोकजीवनाचा संग्रह त्यांच्याकडे आहे. खालच्या फळीचे, डोक्याचे आणि आवाजाच्या भोकांतून दिसणाऱ्या आतल्या बाजूचे फोटो त्यांना दाखवा. वाद्य खरोखर जुनं निघालं तर दुकानदाराने सुचवलेल्या कापाकापीने त्याची किंमत आणि माहिती दोन्ही गेली असती.

घोडीची तपासणी झाली की सातव्या पडद्यापासून घोडीपर्यंतचं अंतर मला मिलिमीटरमध्ये कळवा, आणि जाड तार सध्या किती थाऊची आहे तेही. त्यावरून काळी एकच्या खर्जाला २२ थाऊची गुंडाळलेली तार पुरेल की २४ ची लागेल हे सांगता येईल.